घाण्यामागचे तेल

चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळ्याच्या कुशीत, पाटणादेवीचे स्थान आहे. आज तेथे गौताळा अभयारण्याची झाडी आहे. यादवकाळी गजबजलेले नगर होते. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तेथे मठ स्थापिला. निकुंभ कुळातील सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडीदेव यांनी त्यास दाने दिली. त्यांचा शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. (धुळे जिल्ह्यातील बळसाणे येथील मंदिरसमूहातही एक मठ आहे, त्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

लेखातील राजस्तुती आणि पंडितांची वंशावळ संस्कृतात आहे. बाजारातील देण्याची गोष्ट निघताच मात्र लेख मराठीत उतरतो: विक्रीच्या मालावरील हिस्सा, घाण्यामागे तेल. स्तुती न समजली तरी चालते. देणे समजलेच पाहिजे!

येथे आम्हांस प्रश्न पडतो. दान राजाचे, तेल मात्र तेल्याचे. त्याच्या नातवानेही ते का द्यावे? पूर्वजाच्या वेळच्या शब्दाने न जन्मलेला माणूस बांधला जातो काय?

युरोपातही दात्यांनी आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून मठांना जमिनी दिल्या. इंग्लंडात १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने ते मठ मोडले. जमिनी विकल्या गेल्या, प्रार्थना थांबल्या. तेथे वचन मोडणारा दाखविता येतो. पाटणला तसे बोट कोणाकडे दाखवावे? नगर ओस पडले, घाणेही थांबले.

कोणी म्हणेल, हेतू शिक्षणाचा होता. जेथे शिक्षण चालते तेथे ते दान जिवंत आहे. हे आम्हांस अर्धेच पटते. शाळेसाठी मिळालेल्या जागेवर दुकानांचे गाळे काढणारेही हेतूचीच भाषा बोलतात, आणि देणारा तोवर दफनभूमीत असतो.

आमच्या मते बंधन देणाऱ्याच्या नातवावर थोडे, घेणाऱ्यावर अधिक. मठातील विद्यार्थी त्या तेलाच्या उजेडात ग्रहांचे गणित शिकत असतील, तर त्या गणितातले काही तेल्याच्या दारी पोहोचणे हे त्यांचे देणे होते. ग्रहण केव्हा लागणार, एवढे तरी कोणी त्याला त्याच्या भाषेत सांगितले असेल काय? शिलालेखात त्याने काय द्यावे ते मराठीत आहे. त्याला काय मिळावे, ते मराठीत नाही.