डोंगरातले तीन रंग

लोणावळ्याच्या टायगर पॉइंटवर सगळे दरीकडे तोंड करून उभे असतात. पायाखालचा कातळ कुणी पाहत नाही. तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर साचलेला. सह्याद्रीत दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबडा पट्टा दिसतो. पुढचा लाव्हा येईपर्यंत झिजलेली ती जमीन. कातळाच्या पोकळ्यांत पांढरे झिओलाइट.

सूरह फातिरमध्ये डोंगरांतल्या पांढऱ्या, तांबड्या, काळ्याभोर पट्ट्यांचा उल्लेख येतो, आणि लगेच पुढच्या आयतीत जाणणाऱ्यांचा. वाचताना आपल्या डोळ्यांसमोर मात्र अरबस्तानातलेच डोंगर! मावळातले का नाहीत? तिलावत सवाबासाठी, भूगोल परीक्षेपुरता, ही वाटणी आपण केली. आयतीत ती नाही. दगड ओळखणे ही इबादत ठरते का, ते आलिमांनी ठरवावे. तोवर घाट चढताना मुलांना तांबडा पट्टा शोधायला सांगायला काय हरकत आहे?