गोपूजा आणि गोवंश

गाईला नमस्कार केला म्हणजे गोसेवा झाली काय? हा प्रश्न आमचा नव्हे. माणदेशातील एका गावी काल्याचे कीर्तन आटोपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने तो आमच्यापुढे ठेवला. "महाराज, गाईचं म्हात्म्य लई सांगितलंत. पण माझी खिलार गाय माजावर आली, तर पंचक्रोशीत खिलार वळू कुठं हाय, ते कोन सांगनार?" आम्ही निरुत्तर झालो. चाळीस वर्षे आम्ही गाईवर बोलत आलो. वळूविषयी एक शब्द आमच्या मुखातून निघाला नव्हता.

वाचकहो, गाय ही व्यक्ती आणि गोवंश ही परंपरा. व्यक्ती दाव्याला बांधून राखता येते, परंपरा तशी राखता येत नाही. 2019 च्या पशुगणनेत देशातील देशी गुरे 2012 पेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी घटलेली आढळली. देशी-संकरित मिळून सर्व गोवंशातील नर तर सुमारे 30 टक्क्यांनी. ट्रॅक्टर आला, बैलाचे काम गेले, मग खोंड पोसणार कोण? आणि खोंडच नाहीत, तर वळू निवडायचा कशातून?

येथे एक हिशेब ध्यानी घ्यावा. 100 गायी आणि वळू मात्र 1, असा कळप दिसायला भरलेला दिसतो. परंतु प्रत्येक वासराचे अर्धे रक्त त्या एकाच बापाचे. पुढची पिढी सगळी भावंडांची. दोन वळू नि दोन गायी एवढ्याच असत्या, तर नाते ज्या वेगाने जवळ आले असते, त्याच वेगाने ते या शंभरांतही येते! वळू 10 केले, तर हीच गणती 4 वरून 36 वर जाते. आपण सगोत्र सोयरीक टाळतो, ती का? मग गोठ्यात बाप-लेकीचा संबंध होतो, तिकडे डोळेझाक का? अशाने वासरे अशक्त निपजतात, गायी फळत नाहीत, आणि गेलेला गुण परत येत नाही.

कोणी म्हणेल, संकरित गाय दूध जास्त देते, तिच्यावर लेकरे वाढतात. खरे आहे, तिची निंदा आम्ही करीत नाही. पण मुसळधार पावसात टिकणारी डांगी आणि कोरड्या माळावर राबणारा खिलार, हे गुण पिढ्यान्‌पिढ्यांनी साठविलेले धन आहे. ते आपल्या एकट्याच्या सोयीसाठी मोडून खाण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? केरळातील वेचूर ही ठेंगणी गाय नामशेष होऊ घातली होती. 1989 पासून गावोगाव शोधून उरलीसुरली जनावरे गोळा केली, म्हणून ती वाचली.

मात्र हा भार एकट्या गरीब शेतकऱ्यावर टाकणे हा अधर्मच होय. आपल्या शास्त्राने मृताच्या नावे वृषोत्सर्ग सांगितला. निवडलेला अव्यंग वळू मोकळा सोडावयाचा. तो कुणा एकाचा नसे, साऱ्या गावाचा असे. आजही गावाने वर्गणीतून एक जातिवंत वळू पोसावा, त्याच्या लेकी वयात येण्याआधी तो दूरच्या गावाशी बदलावा, कोणते वासरू कोणाचे याची वही ठेवावी.

आषाढीच्या वाटेवर रथाला जुंपलेल्या पांढऱ्याशुभ्र खिलार जोडीला आपण हात लावून नमस्कार करतो. पुढच्या वेळी तो हात जोडताना एवढे विचारावे: या जोडीचा बाप आज कोठे आहे, आणि उद्या कोण असेल? आम्ही तरी यापुढे हे कीर्तनात सांगू.

रामकृष्णहरि!