दमा : नाही

स्कूबाच्या पहिल्या वर्गाआधी आरोग्याचा फॉर्म भरायचा असतो. 'दमा आहे का, किंवा पूर्वी होता का?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. पर्समध्ये पंप होता, तरी लिहिताना हात अडखळला नाही. 'हो' लिहिलं असतं तर डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरू दिलं नसतं आणि सुट्टी वाया गेली असती.

मनाची समजूत घालायला जागाही सोयीची होती. हाँगकाँगच्या साई कुंगमधला होई हा वान हा डोंगरांच्या आडोशाचा उपसागर, १९९६ पासून सागरी उद्यान. पाणी शांत, प्रवाळ उथळात. दहा मीटरच्या खाली जायचंच नव्हतं. एवढ्याशा पाण्यात काय होणार आहे?

वर्गात मात्र याच्या उलट शिकवलं होतं आणि ते माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. तीसवरून वीस मीटरवर येताना ती एक तृतीयांशच वाढते. म्हणजे सगळ्यात जपायचं ते शेवटच्या दहा मीटरांत. दम्याने श्वासनलिका आवळल्या तर हवा आत कोंडते, फुप्फुस फाटू शकतं. सिलिंडरमधली कोरडी हवासुद्धा त्याला निमित्त पुरते. हे सगळं माहीत असून मी उथळपणाची सबब पुढे केली.

त्या दिवशी पाणी गढूळ होतं, दोन-तीन मीटरपलीकडचं दिसत नव्हतं. मला जोडीदार म्हणून दिलेली मुलगी एकोणीस वर्षांची, तिथलीच. मी मेंदूसारख्या वळ्यांच्या प्रवाळाकडे पाहत राहिले, ती माझ्याकडे. वर यायला निघालो आणि छाती आवळली. लहानपणी डोंबिवलीत किती रात्री मी उशीला टेकून बसून काढल्या. तीच ओळखीची शीळ श्वासात ऐकू आली. मुलीनं अंगठा आणि तर्जनी जुळवून विचारलं, ठीक? तळहात आडवा धरून नुसता हलवला असता तरी तिला कळलं असतं. मीही अंगठा आणि तर्जनी जुळवली.

काही झालं नाही. हे वाक्य मी कितीतरी महिने पुराव्यासारखं वापरलं. जीव माझा, धोकाही माझा, असंही म्हणत आले. पण मी बेशुद्ध पडले असते तर त्या गढूळ पाण्यातून मला वर ओढून आणायचं काम तिचं होतं. सोबत उतरणाऱ्या बाईनं आपल्याबद्दल खरं सांगितलंय, असं धरूनच ती उतरली होती. तिला मी दोनदा फसवलं, एकदा कागदावर आणि एकदा तिच्या डोळ्यांत बघून.

यंदा फॉर्म पुन्हा हातात आला. 'हो' लिहिलं. डॉक्टरांनी फुप्फुसांची तपासणी सांगितली आहे. ती होईपर्यंत पाण्यात उतरणार नाही. त्या मुलीला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.