लपवणारं कथानक, अडकवणारं कथानक

जुन्या स्पॅनिश चित्रपटांवर चर्चा निघाली की ती पाच मिनिटांत हुकूमशहा फ्रँकोपाशी येते आणि तिथंच बसकण मारते. अमुक पात्र म्हणजे चर्च, तमुक म्हणजे राजवट, शेवटचं दृश्य म्हणजे यादवी युद्धानंतरचा स्पेन. असा उलगडा झाला की चित्रपट समजला, असं मानून सगळे उठतात. पुढचं विधान तर मला अजिबात पटत नाही: सेन्सॉर होता म्हणूनच हे दिग्दर्शक इतके चतुर झाले.

सेन्सॉरच्या बाजूनं हमखास पुढे येणारा पुरावा म्हणजे बुन्युएलचा ‘विरिदियाना’ (१९६१). मूळ पटकथेत शेवटी नायिका विरिदियाना नात्यातल्या होर्हेच्या खोलीत जाते आणि दार बंद होतं. त्यावर हरकत आली, तेव्हा बुन्युएलनं तिला होर्हे आणि मोलकरीण रामोना यांच्यासोबत पत्ते खेळायला बसवलं. शेवट जास्त धारदार झाला, हे खुद्द बुन्युएल सांगत असे आणि ते खरंच आहे. पण ती धार आली कुठून? होर्हेच्या बापाची, डॉन हायमेची आत्महत्या, त्याचा मागे राहिलेला जमीनजुमला, विरिदियानानं भिकाऱ्यांना दिलेला आसरा आणि त्यांच्याच हातून झालेली तिची विटंबना, या सगळ्यातून. सेन्सॉरनं फक्त एक प्रसंग बदलायला लावला. आणि त्याच राजवटीनं कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट फ्रँको मरेपर्यंत स्पेनमध्ये दाखवू दिला नाही. शिवाय याच सेन्सॉरच्या हाताखालून कितीतरी गुळगुळीत विनोदी आणि भक्तिपर चित्रपट निघाले. बंधनातून प्रतिभा येते म्हणावं, तर त्यांच्यात ती का आली नाही?

बेर्लांगाच्या ‘एल वेर्दुगो’त (१९६३) तर काहीच लपवलेलं नाही. होसे लुईस शवपेट्या वाहण्याचं काम करतो. त्यामुळे त्याला मुलगी मिळत नाही. कार्मेनचा बाप जल्लाद. त्यामुळे तिला नवरा मिळत नाही. दोघांचं जमतं, तिला दिवस जातात, लग्न होतं. सरकारी कर्मचारी म्हणून सासऱ्याला नवा फ्लॅट मिळायचा आहे, पण तो निवृत्त होणार. घर हातचं जायला नको, तर जावयानं त्याची नोकरी धरायची. माफी येते, प्रत्यक्ष कुणाला मारावं लागत नाही, अशी सासरा त्याची समजूत घालतो. मग मायोर्काला बोलावणं येतं आणि सगळं कुटुंब सहलीला निघाल्यासारखं निघतं. गुहेतल्या भूमिगत तळ्यावर पर्यटकांसाठी वाद्यसंगीत चाललेलं असताना अंधारातून पोलिसांची होडी येते आणि कर्ण्यावरून होसे लुईसच्या नावाचा पुकारा होतो. इथं कोण कशाचं प्रतीक आहे? पोलीस पोलीसच आहेत, देहदंड देहदंडच आहे. प्रत्येक पायरीवर त्यानं दिलेला होकार मात्र आपणही दिला असता, इतका साधा आहे. ‘प्लासिदो’तही (१९६१) तसंच: नाताळच्या आदल्या दिवशी सगळं शहर गरिबांना जेवू घालायच्या सोहळ्यात दंग, आणि प्लासिदोला त्याच दिवशी तीनचाकीचा हप्ता भरायचाय. दोन्हींचा सहपटकथाकार राफाएल आस्कोना.

म्हणून कथानकं लपवणारी आहेत की अडकवणारी, एवढाच फरक मी महत्त्वाचा मानतो. लपवणाऱ्या कथानकाला उलगडणारा लागतो. अडकवणाऱ्यात सगळं डोळ्यांसमोर असतं आणि तरी सुटता येत नाही.

रहस्यपटालाही हे लागू पडतं. बार्देमच्या ‘मुएर्ते दे उन सिक्लिस्ता’त (१९५५) सायकलस्वाराला कोणी उडवलं हे सुरुवातीलाच कळतं. मारिया होसे आणि तिचा प्रियकर हुआन घाबरतात ते ओळखीतल्या राफाला, कारण तो सूचक बोलतो. प्रत्यक्षात त्याला अपघाताचा पत्ताच नाही, फक्त त्यांच्या संबंधांची कुणकुण आहे. रहस्य आतून पोकळ आहे. दोघांना बांधून ठेवलंय ते तिच्या श्रीमंत नवऱ्यानं, तिच्या वर्तुळातल्या मानानं. हुआन पोलिसांपुढे सगळं कबूल करायला तयार होतो, आणि अपघाताच्याच रस्त्यावर मारिया होसे त्याला गाडीखाली चिरडते. लपवलेलं उघड केल्यानं या कथेतून कुणी सुटणार असतं, तर तो सुटला असता.