सोळाव्या वर्षी घराबाहेर

शाळेत कंटाळणाऱ्या हुशार मुलाला दोन वर्षं आधीच कॉलेजात घालावं का, असा विषय निघाला की विल्यम सायडिसचं उदाहरण दिलं जातं. १९०९ साली, अकराव्या वर्षी तो हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि पुढच्याच जानेवारीत तिथल्या गणित मंडळात चौथ्या मितीवर व्याख्यान दिलं. पुढे मात्र लोकांची नजर चुकवत साध्या कारकुनी नोकऱ्या करत तो १९४४ मध्ये गेला. घाई नडली, असं लोक म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. वर्गातले बहुतेक सगळे सात-आठ वर्षांनी मोठे, आणि वर्तमानपत्रं मागावर. अशा मुलानं भांडावं, रुसावं, चुकावं कुणाबरोबर?

या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेतल्याच एलिझाबेथ हॉल यांनी दिलं. मुलींच्या एका शाळेत मुख्याध्यापिका असताना त्यांना जाणवलं, की शाळेची शेवटची वर्षं बऱ्याच मुलांच्या बाबतीत वाया जातात. १९६४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टनला, घरच्या शेतजमिनीवर त्यांनी 'सायमन्स रॉक' हे निवासी कॉलेज स्थापन केलं. दहावी-अकरावी झालेली मुलं इथे थेट पदवीचा अभ्यास सुरू करत. सगळीच सोळा-सतरा वर्षांची, म्हणून कुणी एकटा नवलाईचा ठरत नसे. व्हर्जिनियात मेरी बाल्डविन कॉलेजनं १९८५ पासून तेराव्या-चौदाव्या वर्षीच्या मुलींनाही घेतलं. त्यांचं वसतिगृह मात्र वेगळं ठेवलं आणि देखरेखीला माणसं नेमली. मुलगी कठीण पुस्तक वाचू शकते, म्हणून रात्री तिला आईची आठवण येणार नाही असं थोडंच आहे?

सायमन्स रॉकची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे नव्या मुलांचे पहिले दिवस. नेहमीचे वर्ग सुरू होण्याआधी लेखन आणि विचार यांची कार्यशाळा. एखादा उतारा वाचायचा, लगेच वहीत लिहायचं, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं. आपल्या मताला इथे किंमत आहे, हे मुलाला पहिल्याच आठवड्यात कळतं.

आपल्याकडे पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडणं मुळीच नवं नाही. दहावीचा निकाल लागला की लातूरला खोली शोधायची, मेसचा डबा लावायचा, ट्रंक उतरवून आई-वडिलांनी परतीची एसटी धरायची. अकरावीला आपण 'कॉलेज'च म्हणतो. पण त्या खोलीत भिंतीवर वेळापत्रक असतं, टेबलावर नीटच्या प्रश्नसंचांचा ढीग, आणि दर आठवड्याच्या चाचणीनंतर नावापुढे क्रमांक. या मुलांची मेहनत मी कमी लेखत नाही; घरच्यांच्या कर्जाची जाणीव ठेवून ती रात्र-रात्र जागतात. मला राग येतो तो आपला, मोठ्यांचा. चार पर्यायांतला एक गोल काळा करण्यापलीकडे आपण त्यांना काही विचारतच नाही. रेक्टर हजेरी घेतात, सर गुण सांगतात, घरून फोन येतो तोही 'किती पडले?' एवढ्यासाठीच.

सायमन्स रॉकचा तो जुना परिसर २०२५ मध्ये बंद झाला आणि कॉलेज न्यूयॉर्क राज्यात बार्ड कॉलेजच्या जागेत गेलं. छोटे वर्ग आणि रात्रंदिवसाची देखभाल स्वस्तात होत नाही. लातूरच्या मुलाला तसं कॉलेज उद्या मिळणार नाही, हे मला मान्य आहे. पण आठवड्यातून एक संध्याकाळ, चाचणी नसलेली, दहा-बारा मुलं आणि एक पुस्तक, एवढं तर त्याच वसतिगृहाच्या गच्चीवरही जमेल.