दुसऱ्या जोडीसाठी

बर्लिंग्टन, व्हरमाँट

चि. मुक्ता हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आठ फुटी टेबलाचा सीएनसी राउटर, तोही व्हॅक्यूमनं जॉब धरणारा, आणि शनिवारी विद्यार्थ्यांना मोकळा! आमच्या टूलरूममध्ये असं मशीन असतं, तर मी घरी जेवायलाही गेलो नसतो. तू विचारतेस, स्कीची तयार फाइल मिळते आहे, ती मशीनला दिली तर कोलोरॅडोचा हंगाम सुरू होण्याआधी एक जोडी होईल का? होईल. तरीही ती फाइल घेऊ नकोस असं मी म्हणतो. का, ते सांगतो.

स्कीच्या पोटात काय असतं ते आधी नीट बघ. सगळ्यात खाली पॉलिएथिलीनचा दीडेक मिलिमीटर जाडीचा बेस, त्याच्या कडेनं पोलादाची बारीक पट्टी. त्यावर फायबरग्लासचं कापड. मग लाकडाचा गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या भिंती. पुन्हा फायबरग्लास आणि वर रंगीत शीट. हे सगळं इपॉक्सीत भिजवून साच्यावर दाबून धरायचं. मशीनच्या वाट्याला यातली तीनच मोठी कामं येतात: साच्याच्या फासळ्या कापणं, बेसचा आकार काढणं आणि गाभ्याची जाडी उतरवणं. बाकी सगळं हाताचं. आणि खरं म्हणजे गाभा रंध्यानंही उतरतो, बेस साध्या राउटरनं टेम्पलेटभोवती कापता येतो. कित्येक जण आजही तसंच करतात. मशीनची खरी किंमत कळते ती तोच आकार पुन्हा काढायची वेळ येते तेव्हा.

सीएनसीचा जन्मच अशा गरजेतून झाला. 1940च्या दशकात मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याच्या टेम्पलेटचा वक्र मोजके बिंदू हातानं जोडून आखला जाई, म्हणजे अचूकता आखणाऱ्याच्या हातावर. पार्सन्स आणि त्यांचे इंजिनियर फ्रँक स्टुलेन यांनी पंचकार्डांच्या यंत्रावर गणित करून खूप जास्त बिंदू काढले आणि कटर त्या बिंदूंवर नेला. पुढे एमआयटीच्या प्रयोगशाळेनं 1952मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. पातं काय आणि स्की काय, लांब, सडपातळ आणि जागोजागी जाडी बदलणारी वस्तू. तुझं काम या मशीनला घरचंच आहे.

तोच आकार पुन्हा काढायची गरज स्कीला पहिल्याच दिवशी पडते, कारण स्की दोन असतात. डावी आणि उजवी सारखी वाकली नाही, तर एका पायाला वळण लवकर मिळतं आणि दुसरा मागे रेंगाळतो. मशीन दोन्ही गाभे अगदी सारखे कापेल, पण लाकूड तेवढं आज्ञाधारक नसतं. एका फळीत रेषा दाट, दुसरीत विरळ. आकार तोच, ताठपणा वेगळा. म्हणून पॉपलर आणि ॲशच्या पट्ट्या उभ्या चिकटवून गाभ्याचा ठोकळा करतेस, तेव्हा प्रत्येक फळीतली एक पट्टी डाव्या गाभ्यात आणि एक उजव्या गाभ्यात टाक. कापून झाल्यावर दोन्ही गाभे वजन करून बघ. मग दोन टोकांना आधार देऊन मध्ये दोन किलोचं वजन टांग आणि किती झोक येतो ते पट्टीनं मोज. दोन्हींचा झोक जुळला, तरच पुढे जा. ही जुळवाजुळव नको असेल तर स्नोबोर्ड कर, तो एकटाच असतो. गंमत बघ, त्याचा पूर्वज स्नर्फर हा मिशिगनच्याच मस्किगनमध्ये 1965च्या नाताळात शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून बनवला होता.

आता फाइलकडे येतो. स्की वरून बघितली की पुढे रुंद, कमरेत बारीक, मागे पुन्हा रुंद दिसते. समज, पुढे 120, कमरेत 80, मागे 110 मिलिमीटर, आणि बर्फाला टेकणारी लांबी 1500. पुढच्या-मागच्या रुंदीची सरासरी 115. त्यातून 80 गेले, उरले 35, म्हणजे प्रत्येक कडेला 17.5. ही कमानीची उंची झाली. आता शाळेतलं वर्तुळाच्या जीवेचं गणित लाव: लांबीचा वर्ग भागिले उंचीची आठपट. उत्तर सुमारे 16 मीटर. कडेच्या कमानीची ही त्रिज्या. कंबर नुसती 85 केलीस की तीच पावणेएकोणीस मीटर होते, आणि स्की लहान वळणं घ्यायला कुरकुरते. जाडीचा हिशोब तर याहून कडक आहे. लाकडाची जाडी 10वरून 11 मिलिमीटर झाली की नुसत्या लाकडाचा ताठपणा तिसऱ्या हिश्श्यानं वाढतो. वर-खाली फायबरग्लास आलं की वाढ थोडी कमी दिसते, कारण कापडाची जाडी तीच राहते. तरी पायाला कळण्याइतका फरक पडतोच.

तयार फाइलमध्ये हे सगळे आकडे आहेत, पण ते कुणाच्या वजनासाठी आणि कुठल्या बर्फासाठी धरले, ते फाइल सांगत नाही. स्की हट्टी निघाली तर तू कुठला आकडा बदलणार? स्वतः काढलेले आकडे कदाचित वाईट असतील, पण प्रत्येक का घेतला हे तुला माहीत असेल. त्यावरून दुसरी जोडी सुधारता येते.

हॉवर्ड हेड यांचं उदाहरण घे. ते बाल्टिमोरच्या मार्टिन कंपनीत विमानांचं काम करणारे इंजिनियर. आमच्या व्हरमाँटमधल्या स्टो इथे पहिल्यांदा स्कीइंग केलं आणि आपल्या पडण्याचा दोष त्यांनी जड लाकडी स्कीवर टाकला. विमानासारखी बांधणी करायची ठरवली: दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये हलका गाभा. त्या स्की स्टोच्या प्रशिक्षकांच्या पायांत दिल्या. त्या मोडल्या. हेड दुरुस्त करून नव्या पाठवत आणि त्याही मोडत. प्लायवूडचा गाभा आणि पोलादी कडा असलेली टिकाऊ स्की उभी राहायला 1950 उजाडलं. प्रत्येक मोडलेली जोडी त्यांना काहीतरी सांगत होती, पण बदल करून पुढची जोडी हातानं घडवायला केवढा वेळ जात असेल! तुझ्या हातात मशीन आहे. एक आकडा बदल, बाकी सगळं जसंच्या तसं पुन्हा निघेल. मग स्कीच्या वागण्यात जो फरक पडेल तो त्या आकड्याचा. ही सोय हेडना नव्हती.

आता थोडं धोक्याचं. पुष्कळ जण आगीच्या बंबाचा जुना पाइप दोन लोखंडी बीमच्या मध्ये ठेवतात, त्यात हवा भरतात आणि त्यानं साच्यावर स्की दाबतात. हवेचा दाब 50 पीएसआय म्हणजे काही विशेष नाही, असं वाटेल. स्कीच्या आकाराच्या जागेवर तो पाच टनांहून जास्त भार टाकतो. वेल्डिंगवर पूर्ण भरवसा नसेल तर पहिल्या जोडीला तो प्रेस नकोच. प्लास्टिकच्या पिशवीतली हवा व्हॅक्यूम पंपानं काढ. वातावरणाचा दाब दीडेक टन देतो आणि पहिल्या जोडीला तेवढं पुरतं.

बेस थंड गॅरेजमध्ये कापू नकोस. पॉलिएथिलीन उबेनं बरंच पसरतं; थंडीत कापलेला बेस गरम खोलीत काही मिलिमीटर लांब भरतो आणि कड बसत नाही. बेस कापताना पोलादी पट्टीची रुंदी आतल्या बाजूला ऑफसेट दे. कटर धारदार ठेव आणि फीड चांगला दे, नाहीतर प्लास्टिक कापण्याऐवजी वितळून कटरला गुंडाळतं. बेसच्या ज्या बाजूवर चिकटण्यासाठी प्रक्रिया केलेली असते, तिला बोट लावू नकोस. पोलादाच्या वर रबराची पातळ पट्टी घालायला विसरू नकोस. पोलाद आणि फायबरग्लास यांच्यातली ओढाताण ती झेलते. इपॉक्सीला हात लावताना नायट्राइलचे हातमोजे घाल आणि फायबरग्लास घासताना मास्क लाव. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. बाइंडिंग मात्र दुकानातल्या माणसाकडूनच बसवून घे. पडल्यावर बूट वेळेवर सुटला नाही तर गुडघा जातो आणि मग ताईला तोंड दाखवायला मला जागा राहणार नाही.

कामाला लागण्याआधी एक वही घे. प्रत्येक गाभ्याचं वजन, झोक, सात-आठ जागी मोजलेली जाडी, लाकूड कुठलं, इपॉक्सी किती लागलं, साच्यावरून काढल्यावर कमान किती उरली, सगळं लिही. स्कीवर उतरून आलीस की मला नुसतं "मस्त आहे" असं कळवू नकोस. बर्फ कसा होता, वेग किती होता, पुढचं टोक थरथरलं की मागची कड सुटली, डावीकडे जास्त की उजवीकडे, ते लिहून पाठव. मग आपण दोघं बसून दुसऱ्या जोडीसाठी एक आकडा बदलू. तुला एकदम चार बदलावेसे वाटतील. त्या वेळी हे पत्र पुन्हा काढून वाच.

तुझा,
मामा