शिपायाला विचारायचा प्रश्न

२ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईतल्या सुमारे ९० हजार कामगारांनी एक दिवसाचा संप केला. मागणी पगाराची नव्हती की बोनसची नव्हती. महिन्याभरापूर्वी युरोपात महायुद्ध पेटले होते आणि व्हाइसरॉयने इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थानला त्यात ओढले होते. त्याच्या निषेधासाठी लालबाग-परळच्या गिरण्यांतले साचे थांबले. हा दिवस लालबागला आज आठवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

संप करणाऱ्यांतली कितीतरी माणसे सातारा-रत्नागिरीकडची. एक भाऊ गिरणीत, दुसरा पलटणीत, अशी त्यांची घरे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले ते परतलेच नाहीत. इकडे युद्ध आले की गिरण्यांना कापडाच्या मोठमोठ्या ऑर्डरी मिळत आणि मालकांचा नफा फुगे. ते कापड विणणाऱ्याच्या वाट्याला यायची महागाई. महागाई भत्त्यासाठी १९४० मध्ये पुन्हा मोठा संप करावा लागला. लढाई कुणाच्या जिवावर चालते, हे गिरणगावाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हीच गोष्ट हैदराबादच्या मख्दूम मोहिउद्दीन यांनी कवितेत मांडली. मख्दूम कामगार चळवळीतले कवी. ‘जानेवाले सिपाही से पूछो’ ही त्यांची रचना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. निघालेल्या शिपायाला ती फक्त विचारते, बाबा रे, तू कुठे चाललास? आणि मागे राहिलेल्यांकडे बोट दाखवते: उपाशी पोरांची समजूत काढणारी बाई, जळणाऱ्या प्रेतांचा वास. १९६०च्या ‘उसने कहा था’ या चित्रपटात सलील चौधरी यांनी तिला चाल दिली. मन्ना डे आणि सविता यांनी ती गायली. शिपायाच्या शौर्याची कथा सांगणाऱ्या चित्रपटात हे गाणे घ्यायला धैर्य लागले असेल. मला त्यात शिपायाचा अपमान कुठेही दिसत नाही. त्याच्या जिवाची खरी काळजी ज्याला आहे, तोच त्याला असे विचारील.

‘मग शत्रू दारात आला तर काय गाणी म्हणत बसायचे?’ असे कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. मुंबईत गिरणी कामगार म्हणून राबलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. हिटलरला अडवायलाच हवे होते, आणि तो पोवाडा मी मान ताठ ठेवून ऐकतो. पण नाइलाजाने लढणे वेगळे आणि लढाईची हौस वेगळी. आज आपल्या गल्लीबोळांत दिसते ती हौस. कवी प्रदीपांचे ‘ऐ मेरे वतन के लोगों’ २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी पहिल्यांदा गायले, सी. रामचंद्रांनी बांधलेले ते शोकगीत. १९६२च्या युद्धात पडलेल्यांसाठी देशाने ढाळलेले ते अश्रू. त्याच जातीच्या गाण्यांखाली आता ढणढण ठेका घालून ट्रकवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरांतून ती वाजवली जातात आणि खाली पोरे नाचतात. ज्या घरातून तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गेली, त्या घरातल्या आईने खिडकीतून हे पाहावे काय?

जुने गाणे पुन्हा गाऊ नये, असे मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेच्या पीट सीगर यांनी १९५५ मध्ये रशियन लेखक शोलोखोव्हच्या कादंबरीतल्या एका लोकगीतावरून युद्धविरोधी गाणे केले. ‘फुले सगळी कुठे गेली?’ असे ते विचारते. १९६० मध्ये जो हिकरसन यांनी त्याला आणखी कडवी जोडली आणि सैनिकांच्या थडग्यांवर पुन्हा फुले उमलली. १९६२ मध्ये मार्लेने डीट्रिख यांनी ते जर्मन भाषेत गायले. हिटलरच्या जर्मनीकडे पाठ फिरवलेल्या बाईने त्याच देशाच्या भाषेत हा प्रश्न विचारला. प्रत्येक नव्या गळ्याने गाण्यात भर घातली. आपण मात्र ठेका वाढवला आणि दुःख काढून टाकले.

लालबागच्या गणेश गल्लीचे गणेशोत्सव मंडळ १९२८चे, गिरणी कामगार युनियनही १९२८ची. उत्सवाचे हे मंडळ आणि चळवळीची ही युनियन या भागात एकाच वर्षी उभी राहिली. म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. २ ऑक्टोबर बहुतेक वर्षांत गणपती विसर्जनानंतर येतो. वादक, गाणारी मुलेमुली, स्पीकर सारे हाताशी असते. त्या दिवशी परळच्या कामगार मैदानात मख्दूमचे गाणे त्याच्या मूळ लयीत गा, आणि गाण्याआधी १९३९च्या संपाची हकिकत सांगा. मग त्यात गिरणगावाचे एक मराठी कडवे घाला, साच्यावरच्या भावाचे आणि पलटणीतल्या भावाचे. ते लिहायला बाहेरून नामांकित कवी आणू नका. लालबागच्या चाळींत गिरणी कामगारांची नातवंडे अजून राहतात, त्यांना लिहायला बसवा.